दारातला देवदूत

बोलोन्या, १ ऑक्टोबर १७१२

जिनेव्रा,

पत्र फाडणार असशील तर एवढी ओळ वाचून फाड. लिव्हिया सुखरूप पोचली आणि आत्ता माझ्यासमोर बसून तिसरा वाडगा रस्सा ओरपते आहे.

आता फाडवत नाही ना? अठरा वर्षांत मी पाठवलेला सगळा कागद तू तुझ्या भावाच्या चुलीत घातलास. फेराराहून येणाऱ्या कोंबडीवाल्याने मला सांगितलं. घातलास तर घातलास. आज तुझी पोरगी माझ्या घरात आहे, म्हणून आज वाचशील.

माझं अक्षर म्हणजे ओल्या चिखलात कोंबड्या फिराव्यात तसं. मला कोण शाळेत घालणार होतं? तुझ्या सासऱ्यांच्या शाईच्या बरण्यांवर चिठ्ठ्या असायच्या, त्या बघून बघून शिकले. मायफळ, हिराकस, डिंक. त्यामुळे हिराकस मी झोपेतही बरोबर लिहीन, आशीर्वाद लिहिताना मात्र दोनदा थांबावं लागतं.

काल दुपारी ही दारात उभी. बूट धुळीने पांढरे, काखेत गाठोडं. म्हणाली, "ओर्सोलाबाई इथंच राहतात का?"

मी म्हटलं, "राहतात. पण त्यांना काही विकत घ्यायचं नाही."

ती हसली. आधी नाकातून, मग तोंडातून. जिनेव्रा, मी दाराची चौकट धरली. माझा तादेओ असाच हसायचा. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे, तुझा तो दीड वर्ष नवरा होता. माझा चोवीस वर्षं मुलगा होता.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"तुझं नाक," मी म्हटलं. "ते आमचं आहे. बाकीचं तुझ्या आईचं दिसतंय. असू दे, आत ये."

किती वर्षांनी या घरात कोणी मला आजी म्हटलं! किती वर्षांनी कसलं, पहिल्यांदाच. मी दोनदा ऐकू न आल्यासारखं केलं, परत म्हणावं म्हणून.

माझ्या खाटेच्या वर ते चित्र आहे ना, तुझ्या सासऱ्यांनी शाईने काढलेलं, संत योसेफाच्या मरणाचं, त्याच्यासमोर ती कितीतरी वेळ उभी राहिली. खाटेवर म्हातारा योसेफ, एका अंगाला येशू, एका अंगाला मारिया, आणि मागे दारात हात पसरून उभा देवदूत. म्हणाली, "आजी, योसेफाच्या जागी बाबा आहेत?" मी म्हटलं, "दाढी काढून टाक, मग बाबा." दाढी तुझ्या सासऱ्यांनी आरशात स्वतःची बघून काढली होती. पोराला म्हातारं केलं. तो काही म्हातारा होणार नव्हता, म्हणून कागदावरच उरकून घेतलं.

मग मी तिला आजोबांच्या गमती सांगितल्या. चित्र काढताना ते डाव्या हाताचं बोट वर करायचे. बोट वर असेपर्यंत घरात कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. एकदा दूध उतू जाऊन चूल विझली आणि मी आपली झाकण हातात धरून उभी! मांजर एक पाय उचललेला तसाच धरून ठेवायची. लिव्हिया हसून हसून जमिनीवर बसली. तू या घरात असताना तुला एवढं हसू आलेलं मी कधी पाहिलं नाही.

कशाला आली ते तुला ठाऊक आहे, का तुला न सांगता निघाली? लग्न ठरतंय म्हणे. कागद बनवणाऱ्यांचा कोर्राडो. पण त्याची आई अडून बसली आहे. जिच्या आईने नवऱ्याला, मरताना पाद्री लावतात त्या शेवटच्या तेलाशिवाय मरू दिलं, तिची पोर मी घरात घेणार नाही, म्हणते. चर्चच्या वहीत काय लिहिलंय ते पाद्रींच्या सहीने आणून दाखव, म्हणते. पोरीला वाटतं, वहीत तसं काही नसेलच.

मी काय बोलणार? तू पाद्रींना बोलवायला गेलीस आणि उशीर केलास. मी ते केव्हाच विसरले आहे. तुला कधी बोलून तरी दाखवलं का?

पुरे. पोरीला चौथा वाडगा हवा आहे.

ओर्सोला


बोलोन्या, ५ ऑक्टोबर

जिनेव्रा,

काल संत पेत्रोनिओचा सण झाला. चौकात एवढी गर्दी की माझी टोपी एकीकडे आणि मी एकीकडे. लिव्हियाला मी योसेफ-मंडळीच्या देवळात मोठं चित्र दाखवायला नेलं. मंडळी विसरली नसशील, महिन्यातून एकदा चांगलं मरण यावं म्हणून प्रार्थना करतात आणि कोणी गेलं की काळे झगे घालून खांद्यावर नेतात. तुझ्या सासऱ्यांनी शाईच्या चित्रावर चौकटी आखून तेच तिथे भिंतीएवढं रंगवलं. तेव्हापासून पुढच्या बाकावर माझी जागा आहे. मास्तरांची विधवा म्हणून. तिथे कोणी चुकून बसलं तर लोक त्याला उठवतात.

दारातली मेणबत्तीवाली लिव्हियाला म्हणाली, "मास्तरीणबाईंची नात का तू? देवदूत पाहिलास? माझा नवरा त्याच्याकडे बघत बघत गेला गं. कसा उभा आहे बघ. सैतानाला दारातच अडवलंय, एक पाऊल आत टाकू देत नाही."

लिव्हिया म्हणाली, "पण हा पाठमोरा का? देवदूताचं तोंड कोणी लपवतं का?"

मी म्हटलं, "तोंड काढायला वेळ लागतो." मेणबत्तीवाली हसली. मी दोन मेणबत्त्या घेतल्या.

तिथून चर्चमध्ये. आता तिथे सिल्व्हिओ नावाचे पाद्री आहेत, कोवळा माणूस, दाढी करताना रोज हनुवटी कापून घेतो. तुझ्या वेळचे म्हातारे पाद्री गास्पारे केव्हाच वारले. या पोराने जुनी वही काढली, धूळ फुंकली, आणि वाचलं.

'९ नोव्हेंबर १६९४. चित्रकार एर्कोले यांचा मुलगा तादेओ, वय चोवीस, छातीच्या तापाने वारला. पापांची कबुली व शेवटचं तेल मिळालं नाही. बायकोने निरोप उशिरा दिला.'

लिव्हियाने परत वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "हे कोणी सांगितलं पाद्रीबाबांना?"

"घरच्यांनीच सांगितलं असणार," तो म्हणाला.

माझ्या पोटरीत गोळा आला, म्हणून आम्ही लवकर निघालो.

वाटेत मी तिला अख्खे बदाम घालून केलेली मिठाई घेऊन दिली. तिने खाल्ली नाही, रुमालात बांधून ठेवली. कोर्राडोसाठी असेल म्हटलं. प्रेमात पडलेल्या पोरी असंच करतात.

ओर्सोला


बोलोन्या, १६ ऑक्टोबर

जिनेव्रा,

तुझी पोरगी वेडी आहे. कौतुकाने म्हणते आहे, पण वेडी आहे.

सोळा दिवस झाले, परत जायचं नाव काढत नाही. सकाळी माझी चूल पेटवते, माझे गुडघे चोळते, आणि मग जाते चालायला. कुठे? तर आपल्या दारापासून चर्चपर्यंत, चर्चपासून कमानीखालून वेशीपर्यंत, वेशीपासून परत. आधी भरभर गेली. मग हळू गेली. काल तर पोटाशी उशी बांधून गेली! गल्लीतल्या बायका खिडकीतून डोकावून मला विचारतात, "ओर्सोलाबाई, नातीचं लग्न व्हायचंय ना अजून?"

मी ओरडले, "हे काय चाललंय?"

"आजी, आईला सातवा महिना होता ना? मग तशीच चालून बघते."

"कशासाठी?"

"किती उशीर होतो ते बघायला."

आणि काय म्हणते ऐक. घंटा वाजवणारा म्हातारा अजून जिवंत आहे. त्याला जेवला का विचारलं तर कळत नाही, पण तो दिवस आठवतो म्हणे! त्याने हिला सांगितलं की तू धावत आलीस तेव्हा पाद्री एका आजारी बाईकडे वेशीपाशी गेले होते, म्हणून तू तिकडे पळालीस. इकडे पाद्री दुसऱ्या गल्लीने परत आले. म्हाताऱ्याने त्यांना तुझा निरोप दिला आणि ते तेलाची कुपी घेऊन लगेच निघाले. तेव्हा बाराची घंटा व्हायची होती. ती त्यानेच नंतर वाजवली, म्हणून त्याच्या लक्षात राहिलं.

लिव्हिया मला म्हणते, "आजी, चर्चपासून घर म्हणजे दोनशे चाळीस पावलं. बाबा गेले तेव्हा एकची घंटा होऊन गेली होती, तूच म्हणालीस. मग मधला एक तास पाद्री कुठे होते?"

मी म्हटलं, "जाड होते. जाड माणूस हळू चालतो."

ती हसली नाही.

दुसरं म्हणजे ती आता त्या चित्राच्या मागे लागली आहे. तुझ्या भावाच्या दुकानात पुस्तकं बांधायला शिकली आणि आता जगातला सगळा कागद हिला दुरुस्त करायचा आहे. देवदूत वेगळ्या कागदाच्या तुकड्यावर काढून वर चिकटवला आहे हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. चित्रकार तसं करतात, चुकलं की ठिगळ लावतात, त्यात नवीन काही नाही. पण त्याचा कोपरा सुटलाय, कसर लागलीय, मी ओलं फडकं ठेवून तो हळूच सोडवते आणि नवी खळ करून सरळ बसवते, तुला माझ्याकडून भेट, म्हणते.

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

"पण आजी..."

"मी मेल्यावर लाव. तोपर्यंत कसरीला खाऊ दे, तिलाही पोट आहे."

तू तिला पत्र लिहून बोलावून घे. मी तिला पाठवत नाही, पण तू बोलावून घे.

ओर्सोला


बोलोन्या, २५ ऑक्टोबर

जिनेव्रा,

लिव्हिया बरी आहे. जेवते, झोपते. माझ्याशी तीन दिवस बोललेली नाही. मला आजी म्हणत नाही, काहीच म्हणत नाही, नुसती समोरून जाते.

माझ्या घरचा रस्सा पीत नाही. पाव आणि कांदा खाते.

का ते लिहिणार नाही. आज थंडी आहे आणि बोटं वळत नाहीत.


बोलोन्या, २ नोव्हेंबर, मेलेल्यांचा दिवस

जिनेव्रा,

आज सगळं गाव थडग्यांवर गेलं आहे. लिव्हियाही तादेओकडे गेली, एकटी. म्हणून लिहायला बसले.

आजारी माणसाला तेलाची कुपी दिसली की त्याची जगायची आशा सुटते, हे तुलाही माहीत आहे. मी कित्येक माणसं अशी गेलेली पाहिली आहेत. पाद्री खोलीत आले की माणूस मान टाकतो. त्या दिवशी तादेओला डोळा लागला होता. मला वाटलं, थोडा झोपू दे, जाग आली की अंगात त्राण येईल, मग नीट कबुली देईल. आईला वाटणारच.

वरच्या ओळी खोट्या आहेत. खोडल्या असत्या, पण ही तुझ्या सासऱ्यांची शाई, खोडलं तरी वाचता येतं.

बावीस तारखेला मी चेस्टनट आणायला बाजारात गेले. परत आले तर टेबलावर चित्र, शेजारी ओलं फडकं, आणि फडक्यावर देवदूत उताणा वाळत घातलेला. लिव्हिया माझ्याकडे बघत नव्हती. चित्राकडे बघत होती. म्हणाली, "आजी, वाडग्यात काय होतं?"

मी म्हटलं, "चण्याचा रस्सा."

संपलं. अठरा वर्षं मी काय काय रचून ठेवलं होतं, आणि विचारलं तेव्हा तोंडातून चणे निघाले.

आता तुला सांगते. तू विचारलं नाहीस कधी. तुला विचारायचं सुचणार कसं, तू तर आपलाच उशीर झाला असं धरून चाललीस.

योसेफ-मंडळीने तुझ्या सासऱ्यांची दोन चित्रं परत पाठवली होती. आठवतं? त्यांचा कारभारी म्हणाला होता, "मास्तर, हा मरत नाहीये, जेवून लवंडलाय." दोन महिने घरात त्या वाक्यावरून भांडी आपटत होती. तिसरं चित्र पसंत पडलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. त्यात तादेओ आजारी पडला. नवव्या दिवशी सकाळी त्याच्या चेहऱ्यावर मरणाची कळा आली. नाक वर आलं, ओठ आत गेले. तू रडत पाद्रींना आणायला धावलीस. तुझे सासरे उठले, मला वाटलं पोराला जवळ घेतील. ते कागद घेऊन आले आणि खाटेच्या पायथ्याशी बसले. शाई मीच घोटून दिली. माझ्या हाताला सवय होती.

पाद्री आले तेव्हा बारा वाजायचे होते. घंटेवाल्याने पोरीला खरंच सांगितलं. घामाने डबडबले होते, हातात कुपी. मी खोलीच्या दारात उभी होते. मागे वळून बघितलं तर तुझ्या सासऱ्यांचं बोट वर.

जिनेव्रा, मी विचार केला असता तर बरं झालं असतं. दोन गोष्टी तोलल्या असत्या आणि चुकीची निवडली असती तर माणूस म्हणून चुकले असं तरी म्हणता आलं असतं. मी काहीच तोललं नाही. बोट वर होतं, मी थांबले. दोन्ही हात चौकटीला लावले आणि म्हटलं, "पाद्रीबाबा, त्याला आत्ताच झोप लागलीय. तुम्ही दमलात. बसा, गरम रस्सा आहे."

ते बसले. भला माणूस होता, आणि भुकेला. मी दारातूनच हात लांब करून वाढलं. एक वाडगा झाला. मी वळून बघितलं, बोट वरच. दुसरा वाडगा मीच वाढला. "जाग आली का?" त्यांनी विचारलं. "येईल," मी म्हटलं. आतून तादेओने एकदा हाक मारली. मला नाही मारली. 'जिनेव्रा' म्हणाला. मी तुला हे अठरा वर्षं दिलं नाही, आता घे.

एकची घंटा झाली आणि बोट खाली आलं. तुझे सासरे म्हणाले, "झालं." मला वाटलं चित्र झालं. चित्रही झालं होतं.

पाद्री उठून उभे राहिले. त्यांच्या हनुवटीला चण्याचं साल होतं. म्हणाले, "बाई, मी इथे बसलो होतो." मी म्हटलं, "तुम्ही आत्ताच आलात." ते वाडग्याकडे बघत राहिले. मग मान हलवली. त्यांनाही जाब विचारणारे वरिष्ठ होतेच.

तेवढ्यात तू आलीस. केस सुटलेले, एक हात पोटाखाली, एक हात भिंतीला. मी तुला दोनच शब्द बोलले. "कुठे होतीस?"

आणि तू स्वतःच सांगितलंस! "वाटेत चक्कर आली, विहिरीच्या कठड्याला टेकले जरा." मी काही मागितलं नव्हतं, तू आणून हातात दिलंस. संध्याकाळपर्यंत सगळ्या बायकांना कळलं की नवरा मरत होता आणि सून विहिरीवर बसली होती. कोणी सांगितलं ते आता तुला लिहायला नको. पुढे त्यात कोणी जत्रा घातली, कोणी तळलेले मासे घातले. ते माझे नाहीत. विहीर माझी.

पुरल्यानंतर दोन दिवसांनी मी ते चित्र पहिल्यांदा नीट बघितलं. तुझ्या सासऱ्यांना जे दिसेल ते काढायची खोड. खाट होती, तादेओ होता, मागे उघडं दार होतं. दारात मी पाठमोरी, हात पसरलेली, कमरेला डाव्या बाजूला गाठ, मी डावखुरी ना. माझ्या हाताखालून पलीकडे पाद्री, मांडीवर कुपी, तोंडाशी वाडगा. मी म्हटलं, "हे मंडळीला दाखवणार?" ते म्हणाले, "का? मागची जागा छान भरलीय." मी हात जोडले तेव्हा कुठे त्यांनी एका तुकड्यावर मला पंख लावले, पाद्रींच्या जागी ढग काढले आणि वरून चिकटवलं. खळ मी शिजवली.

मंडळीने चित्र एका बैठकीत पसंत केलं. देवदूतावर तर सगळे खूश.

तर लोक त्या देवळात अठरा वर्षं माझ्या पाठीकडे बघत मरत आहेत.

लिव्हियाने तीन आठवडे मला रोज सकाळी गाठ बांधताना बघितलं होतं. तिला कोणी सांगावं लागलं नाही.

ती परत येतेय, जिन्यावर पावलं वाजली.

ओर्सोला


बोलोन्या, १० नोव्हेंबर

जिनेव्रा,

हे पत्र लिव्हियाच्या हाती देते आहे. उद्या गाडी निघते.

काल तादेओचा दिवस होता. मी सकाळी देवदूत काढून टाकलेलं चित्र काखेत घेतलं आणि पाद्री सिल्व्हिओंकडे गेले. लिव्हिया मागून आली, दहा पावलं अंतर ठेवून. त्या कोवळ्या पाद्रींनी चित्र खिडकीशी धरलं. शाई जुनी झाली की कागद खाते, तादेओच्या गळ्यापाशी बारीक चीर गेली आहे. ते म्हणाले, "आजीबाई, हे तुम्ही?" मी म्हटलं, "पंख नाहीत, पण मीच."

त्यांनी वहीच्या कडेला लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. 'निरोप वेळेवर मिळाला. पाद्री वेळेवर आले. त्यांना घरातच दारात अडवण्यात आलं. मुलाची आई ओर्सोला हिने स्वतः सांगितलं.' मला सही करायला सांगितली. माझं नाव मला बरोबर लिहिता आलं.

तिथून योसेफ-मंडळीकडे. कारभारी आता दुसरा आहे, पण पोट तेच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, वयाने असं होतं, मन हळवं होतं. पण देवदूताला हात लावता येणार नाही. लोकांची श्रद्धा आहे." मी म्हटलं, "लोकांना सांगा तरी." म्हणाला, "कशाला?" पण मी मेणबत्तीवालीला आधीच सांगून बसले होते. तिने हातातल्या मेणबत्त्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "मग माझा नवरा कोणाकडे बघत गेला?"

मी दोन मेणबत्त्या मागितल्या, तिने दिल्या नाहीत.

दुपारच्या प्रार्थनेला माझ्या बाकावर कोणीतरी बसलं होतं. त्याला कोणी उठवलं नाही. काळे झगे माझ्यासाठी येणार नाहीत, हे कारभाऱ्याने निरोप पाठवून कळवलं. म्हणजे मला खांद्यावर न्यायला गल्लीतले दोन कोंबडीवाले. बरं आहे, ते हसतमुख तरी असतात.

घरी येऊन मी देवदूत चुलीत घातला. खळीचा कागद झटकन पेटतो.

लिव्हियाने चित्र दोन फळ्यांमध्ये बांधलं, वहीतल्या मजकुराची सही केलेली नक्कल त्यावर ठेवली. मी विचारलं, "कोर्राडोच्या आईसाठी?" मला वाटलं उत्तर देणार नाही.

"तिला काय दाखवायचं ते मी बघेन," ती म्हणाली. "हे आईसाठी. आई अजून विहिरीपाशी थांबत नाही, आजी. कितीही तहान लागली तरी घरी येऊन पिते. मी लहान असताना मला वाटायचं सगळ्याच बायका तशा असतात."

आजी म्हणाली. तुला कळतंय का, अठरा दिवसांनी आजी म्हणाली. मी मूर्खासारखी आनंदाने चुलीकडे वळले आणि रस्सा ढवळत बसले. तिने वाडगा पुढे केला नाही. मीही आग्रह केला नाही.

तुला काय लिहू? बरण्यांवर जे शब्द होते तेवढेच मला येतात, त्यात हवा तो शब्द नव्हता. तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तुला नाही म्हणायचा त्रास, आणि तुला त्रास द्यायचा माझा वाटा संपला आहे.

एक काम मात्र सांगते, सुनेला सांगतात तसं. मी आता फार दिवस काढत नाही. छातीत तादेओसारखाच आवाज येतो, लिव्हियाला विचार. निरोप आला तर तू ये. पाद्रींना आणायला दुसऱ्या कोणाला पाठवू देऊ नकोस, तूच जा. दोनशे चाळीस पावलं आहेत, तुझ्या पोरीने मोजली आहेत. वाटेत ती विहीर लागेल. कठड्यावर बस. पाणी काढ, पोटभर पी, हवा तेवढा वेळ घे.

मी वाट बघत पडलेली असेन. उशीर झाला असं या वेळी कोणी म्हणणार नाही.

ओर्सोला